व्यंगचित्रांचं पेज घेऊन परदेशी निघालास तर

भाऊ, तुझं म्हणणं असं की हातात म्युनिक आणि दुबई अशा दोन ऑफर आहेत, आणि जळगावच्या कॉलेजपासून चालवलेलं देशोदेशींच्या व्यंगचित्रांचं पेज आहे. ते ठेवू की काढू? तिकडच्या कोणी भारतावरचं तसलं चित्र दाखवलं तर हसू की भांडू? आणि ‘गंमत आहे, मनावर घेऊ नका’ हे खरं की पळवाट? शेवटच्या प्रश्नापासून धरतो, बाकीची दोन उत्तरं त्यातूनच निघतात.

आपल्याकडे लग्नात विहिणीला गाण्यातून शिव्या घालतात, त्यावरून कोणी पोलीस ठाण्यात जात नाही. मांडव एकच असतो, उलटून गायचा हक्क दोन्ही बाजूंना असतो आणि उद्यापासून सोयरीक असते. तेच गाणं एखाद्या परक्याने एसटी स्टँडवर उभं राहून म्हटलं तर तो मार खाईल. देशांवरच्या व्यंगचित्राचंही असंच. चित्र तेच, पण कोणी काढलं, कोणाच्या मांडवात दाखवलं आणि समोरच्याला उलट काढायची सोय आहे का, यावर ते गंमत की शिवी ते ठरतं. ‘काढणाऱ्याच्या मनात वाईट नव्हतं’ यावर फार थोडं ठरतं.

भारतावरचीच चार चित्रं बघ. मंगळयान २४ सप्टेंबर २०१४ ला मंगळाच्या कक्षेत पोचलं, सुमारे ४५० कोटी रुपयांत. त्यावर न्यूयॉर्क टाइम्समध्ये सिंगापूरच्या हेंग किम साँगचं चित्र आलं: ‘एलिट स्पेस क्लब’चं दार, आत दोन साहेब, बाहेर फेटेवाला शेतकरी गाय घेऊन दार ठोठावतोय. अंतराळ आता फक्त श्रीमंत देशांची मक्तेदारी राहिली नाही, असा चित्रकाराचा हेतू असल्याचं वर्तमानपत्राने सांगितलं आणि माफीही मागितली. टोमणा क्लबवाल्यांना होता असं मानलं, तरी वाचकाला आधी दिसली ती गाय. ऑक्टोबर २०२२ मध्ये स्पेनच्या ला व्हॅनग्वार्दियाने तर भारताच्या अर्थव्यवस्थेचं कौतुकच छापलं होतं, पण सोबत गारुडी काढला. एप्रिल २०२३ मध्ये जर्मनीच्या डेर श्पीगलने लोकसंख्येवर चित्र छापलं: टपावर माणसं लादलेली आपली गाडी चीनच्या बुलेट ट्रेनला मागे टाकतेय. सुरत–भुसावळ पॅसेंजरवर आपण याहून वाईट बोलतो, पण आपण त्या गाडीत उभे असतो. आणि डिसेंबर २०१५ मध्ये, पॅरिसच्या हवामान परिषदेनंतर, द ऑस्ट्रेलियनमध्ये बिल लीकने भारतीय माणसं सौर पॅनेल फोडून आंब्याच्या चटणीबरोबर खाताना दाखवली.

माझ्या मते या चारांत शेवटचंच सरळ अपमानाचं. तिथे धोरणावर काहीच नाही, भूक आणि अडाणीपणा एवढंच आहे. बाकी तिघांचा दोष आळशीपणाचा: भारत म्हटलं की गाय, साप, टप. सरकारवर, पैशावर, निर्णयावर चित्र असेल तर सोडून दे. लोकांच्या अंगावर, ताटावर, गरिबीवर असेल तर ‘गंमत’ हा शब्द पुरत नाही.

आता तुझ्या पेजवरची चार चित्रं याच चाळणीत घालू: सूप पिणारा चिनी, कटोरेवाला पाकिस्तानी, मिशीवाला चान्सलर आणि उंटवाला अरब. एक साधी कसोटी घे. परदेशी माणसाच्या जागी खान्देशी माणूस काढ: पुण्याच्या कोणीतरी काढलेला, मिरचीचा ठेचा खाणारा, अडाण्यासारखं अहिराणी बोलणारा घरगडी. चीड आली ना? मग मूळ चित्रही तसंच आहे.

वटवाघळाचं सूप पिणारा चिनी या कसोटीत पहिल्याच फटक्यात जातो. नाक, डोळे, ताट सगळं आहे. जानेवारी २०२० मध्ये डेन्मार्कच्या युलँड्स-पोस्टेनने चीनच्या झेंड्यातल्या ताऱ्यांच्या जागी विषाणू काढले तेव्हा चिनी दूतावासाने ‘माफी मागा’ म्हणून गहजब केला, वर्तमानपत्राने ती मागितली नाही. ते चित्र बचावता येतं, तुझं येत नाही. कटोरा घेतलेला पाकिस्तानी आपल्या ग्रुपवर ‘भारी शे’ म्हणून फिरतो. पण म्युनिकला शेजारच्या टेबलावर आणि दुबईत खोलीत, टॅक्सीत, एचआरमध्ये पाकिस्तानी माणूस असणारच आहे. जर्मन चान्सलरला हिटलरसारख्या टूथब्रश मिशा लावलेलं तिसरं चित्र आजच काढून टाक, कारण खाली देतो. उंट आणि पेट्रोल पंपवाला अरब हा चौथा. म्युनिकला तो निव्वळ जुनाट, दुबईत धोक्याचा.

जर्मनीचं असं आहे. राज्यघटनेच्या ५ व्या कलमाने अभिव्यक्ती मोकळी आहे आणि नेत्यांची थट्टा तिथे सणासारखी चालते. डसेलडॉर्फला रोझेनमोन्टागच्या, म्हणजे कार्निव्हलच्या सोमवारच्या, मिरवणुकीत जाक टिलीचे कागदी लगद्याचे अवाढव्य पुतळे निघतात, त्यात जगातला कोणताच पुढारी सुटत नाही. नागपूरच्या बडग्या-मारबतीसारखंच, फक्त फेब्रुवारीच्या थंडीत. परदेशी राष्ट्रप्रमुखाच्या अपमानाचं १०३ वं कलमही १ जानेवारी २०१८ पासून रद्द झालं. त्याआधी २०१६ मध्ये विनोदवीर यान ब्योमरमानने तुर्कस्तानच्या एर्दोआनवर टीव्हीवर कविता वाचली आणि त्यावरून सगळा तमाशा झाला, तेव्हा हे जुनं कलम लोकांच्या डोळ्यावर आलं होतं.

पण दोन जागी जर्मनी अजिबात हसत नाही. पहिली नाझी खुणा. फौजदारी संहितेच्या ८६अ कलमाखाली हाकेनक्रॉइत्स (नाझी स्वस्तिक), एसएस या हिटलरच्या दलाची अक्षरं, हिटलरी सलाम यांचा प्रसार किंवा जाहीर वापर केला तर ३ वर्षांपर्यंत कैद किंवा दंड. ऑगस्ट २०१७ मध्ये राइशस्टाग या संसद भवनासमोर हिटलरी सलाम ठोकून फोटो काढणाऱ्या दोन चिनी पर्यटकांना पोलिसांनी धरलं आणि प्रत्येकी ५०० युरो जामीन भरायला लावला. विरोधासाठी काढलेलं चिन्ह, म्हणजे फुली मारलेलं वगैरे, गुन्हा नाही असं तिथल्या सर्वोच्च फौजदारी न्यायालयाने मार्च २००७ मध्ये ठरवलं. पण हसवण्यासाठी काढलेली मिशी विरोध आहे की नुसती टिंगल, हे पोलिसाला समजावत बसायची वेळ का आणायची? आपल्याकडे कडक साहेबाला लोक सहज ‘हिटलर’ म्हणतात. तो शब्द ऑफिसात तोंडातून निघू देऊ नको. आपला स्वस्तिक धार्मिक आहे, त्याला हे कलम लागत नाही, पण शेजाऱ्याला फरक कळत नाही. घरात देव्हाऱ्यावर ठेव, गाडीवर आणि बाहेरच्या दारावर ओम किंवा तोरण लाव. दिवाळीच्या शुभेच्छांत तिरका, काळा, पांढऱ्या गोलात लाल पार्श्वभूमीवर कधीच नको.

दुसरी जागा ज्यूंवरची चित्रं. मे २०१८ मध्ये झ्युडडॉइच त्सायटुंग या वर्तमानपत्राने इस्रायलच्या नेतन्याहूंवरच्या एका चित्रावरून डीटर हानिच या अनेक दशकांच्या व्यंगचित्रकाराशी संबंध तोडले. वाद धोरणावर नव्हता. मोठं नाक, मोठे कान आणि क्षेपणास्त्रावरचा ज्यूंचा सहाटोकी तारा यावर होता. जून २०२४ पासून नागरिकत्वाचा नवा कायदा आहे: ५ वर्षांनी अर्ज करता येतो, पण ज्यूद्वेषी किंवा वंशद्वेषी कृत्य आडवं येतं. तू काढलंच पाहिजे असं नाही, फॉरवर्ड केलेलंही तुझ्याच नावावर दिसतं.

ऑफिसात कायद्याआधी प्रोबेत्साइट, म्हणजे नोकरीचा परीक्षेचा काळ, लक्षात ठेव. बहुतेक करारांत पहिले ६ महिने, त्यात २ आठवड्यांच्या नोटिशीवर कारण न सांगता घरी पाठवता येतं. तेवढे महिने कँटीनमध्ये देशांवरचं एकही चित्र फिरवू नको, सहकाऱ्याने मागितलं तरी. नंतर चूक झाली तर बहुधा आधी लेखी आबमाहनुंग येते, म्हणजे ताकीद.

आणि उलट झालं, कोणी तुला गारुड्याचं चित्र दाखवलं तर? चांगल्या मनाने दाखवलं असेल तर ‘यात हसायचं काय ते समजाव’ एवढं विचार. समजावताना त्यालाच लाज वाटते. परत झालं तर ‘दास फिंदे इश निश्त वित्सिश’, मला हे विनोदी वाटत नाही, आवाज न चढवता. तिसऱ्यांदा झालं तर तारीख, वेळ, कोण हजर होतं ते लिहून ठेव आणि एजीजी या समान वागणुकीच्या कायद्याखालच्या कंपनीतल्या तक्रार कक्षाकडे ईमेल कर. भरपाई मागायची असेल तर ती लेखी आणि २ महिन्यांच्या आत मागावी लागते. या मुदतीतच बहुतेकांचं घोडं अडतं, कारण आपली माणसं ‘जाऊ दे’ म्हणत तीन महिने काढतात.

दुबईत हा सगळा हिशोब उलटा. अमिरातीचा २०२१ चा ३४ क्रमांकाचा सायबर कायदा २ जानेवारी २०२२ पासून लागू आहे. देश, राज्यकर्ते, झेंडा यांची टिंगल तर गुन्हा आहेच, परदेशी राष्ट्राचा अपमानही त्यात येतो. म्हणजे तुझा कटोरेवाला पाकिस्तानी तिथेही अडकतो. फॉरवर्डसुद्धा धरतात आणि शिक्षेनंतर देशाबाहेर काढू शकतात. एप्रिल २०२० मध्ये धर्मावरच्या पोस्टींमुळे काही भारतीयांच्या नोकऱ्या गेल्या, तेव्हा आपल्या राजदूतांनाच भेदभाव आपल्या मूल्यांविरुद्ध आहे असं जाहीर सांगावं लागलं. चित्र जळगावात काढलं होतं या भरवशावर राहू नको.

‘मग देशांना गोळे करून काढू, पोलंडबॉलसारखं’ असं तू लिहिलंस. कल्पना चांगली आहे: २००९ पासून चाललेली ही पद्धत, देश म्हणजे झेंड्याच्या रंगाचा चेंडू, नाक नाही, कातडी नाही, त्यामुळे अंगावरचे अर्धे अपमान आपोआप गळतात. पण सौदीच्या झेंड्यावर कलमा आहे, इराकच्या आणि इराणच्या झेंड्यांवरही अल्लाहचं नाव आहे. त्यांचा डोळेवाला चेंडू करून लाथाडलास तर विषय देशाचा राहत नाही, धर्माचा होतो. आणि या चेंडूंना तोडकंमोडकं इंग्रजी बोलायला लावतात, ते आपल्या उच्चारांवर हसणाऱ्यांसारखंच आहे.

आता पेज. नुसतं हँडल बदलून भागत नाही; प्रत्येक चित्राच्या कोपऱ्यात तुझी सही आहे. आधी सगळा डेटा डाऊनलोड करून घरच्या हार्ड डिस्कवर ठेव, मग पोस्टी आर्काइव्ह कर, हायलाइट्स आणि रील्स वेगळ्या तपास, त्या मागे राहतात. व्हॉट्सअॅपमध्ये मीडिया ऑटो-डाऊनलोड आणि गॅलरीत दिसणं दोन्ही बंद कर, आणि ग्रुपमध्ये कोण टाकू शकतं तिथे ‘माय कॉन्टॅक्ट्स एक्सेप्ट’ निवडून फॉरवर्डबहाद्दर मामेभावांवर खूण कर. दुबई ठरली तर हे विमानात बसायच्या आधी. म्युनिक ठरलं तर मिशी, सूप आणि कटोरा कायमचे काढ, उंट लाज वाटेल तेव्हा काढ, आणि सरकारांवरची बाकीची चित्रं राहू दे.