मावशींच्या पगारासाठी मुलीची एसआयपी थांबवू का?

ताई, तुमचं पत्र दोनदा वाचलं. तुम्ही डोंबिवलीहून घाटकोपरला जाता, यजमान ऐरोलीला. घरी सासूबाई आणि सात वर्षांची मुलगी. स्वयंपाकाला वेळ पुरत नाही म्हणून बाहेरून मागवणं वाढलंय. दोन वेळच्या स्वयंपाकाचे मावशी ८,००० मागतात. त्यासाठी मुलीची ५,००० ची एसआयपी, म्हणजे म्युच्युअल फंडातली दरमहाची गुंतवणूक, थांबवावी, असं यजमानांचं म्हणणं आहे. तुमच्या मनात मात्र ही नोकरी सोडून घराजवळ अर्धवेळ काम धरायचा विचार चाललाय.

आधी नोकरीचं बोलतो, कारण तिथे घाई झाली तर नुकसान मोठं आहे. हातात येणारे ५८,००० जाऊन २६,००० येतील. म्हणजे महिन्याला ३२,००० कमी. मावशींचा पगार चारदा निघेल एवढे. शिवाय नव्या ठिकाणी पीएफ नाही. आज २५,००० मूळ पगारावर तुमचे ३,००० आणि कंपनीचे ३,००० जमा होतात, तेही थांबतील. आणि पत्रात तुम्ही ओझरतं लिहिलंय की इथे सव्वाचार वर्षं झाली. नोकरी सोडताना कंपनी जी एकरकमी ग्रॅच्युइटी देते, तिला कायम नोकरीत पाच वर्षं लागतात. याच मूळ पगारावर ती साधारण ७२,००० होते. नऊ महिन्यांसाठी ती सोडू नका. दमून गेला असाल तर पाच वर्षं झाल्यावर या प्रश्नाकडे पुन्हा बघू, पण पोळ्या करायला वेळ मिळावा म्हणून नोकरी सोडू नका.

आता मावशी. तुम्ही पाठवलेले तीन महिन्यांचे यूपीआयचे व्यवहार मी एकेक करून मोजले. ३४ वेळा जेवण मागवलंय, एकूण १८,७०० रुपये. महिन्याला सव्वासहा हजार. बहुतेक मंगळवार ते गुरुवार, रात्री साडेआठनंतर. म्हणजे ही हौस नाही, थकवा आहे. त्यात तुमचं दुपारचं कॅन्टीन ११० रुपये आणि यजमानांचं १३०. २२ दिवसांचे ५,२८०. सगळे मिळून साडेअकरा हजार स्वयंपाक न झाल्यामुळे आत्ताच जाताहेत.

दोन वेळच्या मावशी ठेवल्या तर पगार ८,०००, दिवाळीच्या एका पगाराचा बोनस महिन्यात वाटून ६६७, वाढलेला किराणा, भाजी, गॅस ३,००० आणि दोनदा बाहेरचं ११००. हे पावणेतेरा हजारांच्या आसपास जातं. खर्च वाढेल, पण साडेबाराशेनेच. त्यासाठी एसआयपीला हात लावायची गरज नाही.

तरीही मी तुम्हाला एकाच वेळच्या मावशी सुचवेन. सकाळच्या कामाचे त्या ५,००० घेतात असं तुम्ही लिहिलंय. सकाळी एक भाजी आणि दोन्ही वेळच्या पोळ्या करून घ्या. दोघांचे डबे भरले जातील आणि सासूबाईंना दुपारी ताजं मिळेल. बोनस, २,५०० चा किराणा आणि शनिवारचं बाहेरचं जेवण धरूनही खर्च दहा हजारांच्या थोडाच वर जातो. महिन्याला १,४०० उरतात.

राहतो तो रात्रीचा वरण-भात, खिचडी किंवा पिठलं. अर्ध्या तासाचं काम. यजमान सातला घरी येतात, तुम्ही सव्वाआठला. मग कुकर त्यांनी लावायचा. हे आर्थिक सल्ल्यात का, असं त्यांना वाटेल. केंद्र सरकारच्या २०१९ च्या वेळ वापर सर्वेक्षणात स्वतःच्या घरचं बिनपगारी काम करणाऱ्या स्त्रिया त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटं देत होत्या आणि पुरुष ९७. घराचा हप्ता दोघांच्या पगारातून जातो. तुमची नोकरी टिकणं ही त्या हप्त्याचीही गरज आहे, आणि ती टिकवायला हा अर्धा तास लागतो. माझं हे पत्र त्यांना वाचायला द्या.

सासूबाईंना परक्या हातचं आवडत नाही, हे मी हलकं मानत नाही. इतकी वर्षं त्यांनी स्वयंपाकघर सांभाळलंय. आमटीत गूळ किती, गोडा मसाला कुठला, हे मावशींना त्यांनाच सांगू द्या. ओट्याशी उभं राहायचा त्रास मात्र त्यांना नको. एक महिना करून बघू, एवढंच त्यांच्याकडे मागा.

मावशींशी बोलताना सगळं आधीच ठरवा: महिन्याला दोन भरपगारी सुट्ट्या, पगार एक तारखेला, दिवाळीला एक पगार. त्या गणपतीला कोकणात जातात. ते दिवस पोळी-भाजी केंद्रातून पोळ्या आणायच्या, भात-आमटी घरी. त्या दिवसांचा पगार कापू नका.

एसआयपीची पाच तारीख आहे तशीच राहू द्या. उरलेले १,४०० सध्या वेगळ्या खात्यात ठेवा, मावशी आजारी पडल्या किंवा घरी पाहुणे आले तर तिथून काढता येतील. तीन महिन्यांनी यूपीआयचे व्यवहार पुन्हा पाठवा, मंगळवार ते गुरुवारचे आकडे मला बघायचेत.