साठ दिवसांची नोटीस आलीय, आता काय?

प्रश्न : ताई, आमचा चिंचवडला टू बीएचके फ्लॅट आहे. 2017 मध्ये दोघांच्या नावावर 28 लाखांचं कर्ज काढलं. चाकणच्या कंपनीतली ह्यांची नोकरी गेली आणि पाच हप्ते थकले. आता दुसरी लागली आहे, पण पगार कमी. मी जेवणाचे डबे देते. मागच्या आठवड्यात बँकेची नोटीस आली : 60 दिवसांत 22 लाख 90 हजार भरा. हे म्हणतात, नोटीस घ्यायलाच नको होती. दीर म्हणतात, दिवाणी कोर्टातून स्टे आणू. एक एजंट 40 हजार मागतोय, म्हणतो दोन वर्षं घराला कोणी हात लावणार नाही. काय करावं? – एक वाचक, चिंचवड

उत्तर : एजंटाला 40 हजार देऊ नका. तेवढ्यात तुमचा दीड हप्ता भरून होतो.

मी नोकरीची बरीच वर्षं बँकेच्या वसुली विभागात काढली, म्हणजे अशा नोटिसा पाठवणाऱ्यांच्या बाजूला बसले आहे. नोटीस नाकारली म्हणून काही थांबत नाही. ती दारावर चिकटवतात, दोन वर्तमानपत्रांत छापतात आणि कायद्याने ती मिळाली असंच धरतात. वर सोसायटीभर चर्चा होते ती वेगळीच. घेतलीत हे बरंच केलंत.

ही नोटीस सरफेसी कायद्याच्या, म्हणजे कोर्टात न जाता तारण घर ताब्यात घेऊन विकण्याचा अधिकार बँकेला देणाऱ्या कायद्याच्या, कलम 13(2) खालची. 90 दिवसांहून जास्त थकलं की खातं एनपीए, म्हणजे बँकेच्या लेखी थकीत, होतं आणि मग ही येते. 22 लाख 90 हजारांचा आकडा पाहून माणसाचा धीर सुटतो, पण तुम्हाला आधी जमवायची आहे ती फक्त थकबाकी : पाच हप्ते, नोटिशीनंतर पडलेला हप्ता आणि दंडाचे आकार, म्हणजे दीड लाखाच्या आसपास. ती पूर्ण भरली तर खातं पुन्हा नियमित होऊ शकतं. पूर्ण, बरं का. दोन हप्ते भरून भागत नाही, हे रिझर्व्ह बँकेने नोव्हेंबर 2021 मध्येच स्पष्ट केलं आहे. पैसे भरण्याआधी शाखेत जाऊन आकडा लेखी घ्या आणि भरल्यावर पुढची कारवाई थांबवल्याचं पत्र मागा. एवढ्यासाठी दागिना गहाण ठेवला तर मी नावं ठेवणार नाही. मोबाइलवरच्या झटपट कर्जाच्या ॲपला मात्र हात लावू नका.

खातं नियमित झालं की मुदत वाढवून मागा. 22 लाख बाकी आणि साडेआठ टक्के व्याज धरलं, तर 12 वर्षांऐवजी 18 वर्षं केल्यावर हप्ता 24 हजारांवरून 20 हजारांच्या जवळ येतो. व्याज एकूण जास्त जाईल, आणि तुमच्या ह्यांच्या निवृत्तीचं वयही बँक बघेल.

दरम्यान, नोटिशीला लेखी उत्तर द्याच. नोकरी गेली ती तारीख, नवी लागली ती तारीख, किती आणि कधी भरणार ते, आणि हिशेबात चूक दिसत असेल तर तीही. उत्तराच्या प्रतीवर पोच घ्या. बँकेला 15 दिवसांत कारणांसह कळवावं लागतं. तिने कळवलं नाही, तर पुढे तोच मुद्दा तुमच्या कामी येतो.

आता दिरांचा स्टे. सरफेसीच्या कलम 34 मुळे दिवाणी कोर्टाचं दार जवळपास बंदच आहे. जायचं ते कर्जवसुली न्यायाधिकरणात, म्हणजे डीआरटीत. पुण्यात ते आहे. पण नुसत्या 60 दिवसांच्या नोटिशीविरुद्ध तिथेही जाता येत नाही. मुदत संपल्यावर बँकेने ताब्याचं पाऊल उचललं, अगदी दारावर कागद लावून प्रतीकात्मक ताबा घेतला तरी, त्या दिवसापासून 45 दिवसांत अर्ज करता येतो. तिथे बँकेने नियम पाळले का ते बघतात. नोकरी गेली हे कारण तिथे फारसं चालत नाही. वकिलाची फी परवडत नसेल तर शिवाजीनगर न्यायालयातल्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करा. स्त्रियांना मोफत वकील मिळायला उत्पन्नाची अट नाही, आणि तुम्ही सहकर्जदार आहातच.

थकबाकी जमणारच नसेल तर माझं मत कडू आहे : घर तुम्हीच विका, लिलावाची वाट पाहू नका. लिलावातल्या घरात माणसं राहत असतात, कज्जा असतो, म्हणून गिऱ्हाईक भाव पाडून मागतं. स्वतः विकलंत तर बाजारभाव मिळतो आणि बँकेची बाकी जाऊन उरलेले पैसे तुमचे. फक्त नोटीस आल्यावर बँकेच्या लेखी संमतीशिवाय विकता येत नाही. बाकीचं पत्र आणि कागदपत्रांची यादी बँकेकडून घ्या. घेणाऱ्याची बँक पैसे थेट कर्जखात्यात भरते.

एक तारीख डोक्यात ठेवा. सगळं देणं फेडून घर सोडवण्याचा हक्क पूर्वी विक्री पूर्ण होईपर्यंत होता. 2016 च्या दुरुस्तीनंतर तो लिलावाची जाहिरात प्रसिद्ध होण्याआधीपर्यंतच उरला आणि 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तेच सांगितलं. लिलावाच्या आदल्या दिवशी पैसे घेऊन धावत आलेली माणसं परत पाठवावी लागतात.

वसुलीवाल्यांनी सकाळी 8 च्या आधी किंवा संध्याकाळी 7 नंतर फोन केला, शेजाऱ्यांना सांगितलं, तर बँकेकडे लेखी तक्रार करा. महिन्यात दाद लागली नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जा.

प्रश्न : पतसंस्थेचं कर्ज आहे, तारण शेतजमीन. सरफेसी शेतीला लागत नाही ना? – एक वाचक, तासगाव

उत्तर : नाही लागत, पण त्यावर निर्धास्त होऊ नका. पतसंस्था सरफेसीने जातच नाही. ती सहकार कायद्याच्या कलम 101 खाली सहकारी संस्थांच्या निबंधकांकडून वसुली दाखला, म्हणजे थकबाकी वसूल करण्याचा हुकूम, घेते आणि त्यावर जप्ती येते. दाखल्याविरुद्ध फेरतपासणी अर्ज करायचा तर वसुलीपात्र रकमेच्या 50 टक्के आधी संस्थेत भरावे लागतात. म्हणून दाखला निघण्याआधी, सुनावणीची नोटीस येताच निबंधकांपुढे हजर राहा आणि खातेउतारा मागून व्याजाचा हिशेब तपासा.