कोल्हापूरची महालक्ष्मी विष्णूची पत्नी, मग तिच्यामागे सिंह कसा?

सिंह खटकला ते बरं झालं. उत्तर मूर्तीतच आहे.

देवीला चार हात. खालच्या उजव्या हातात म्हाळुंग म्हणजे लिंबाच्या जातीचं फळ, वरच्या उजव्यात गदा, वरच्या डाव्यात खेटक म्हणजे ढाल, खालच्या डाव्यात पानपात्र म्हणजे पिण्याचं भांडं. डोक्यावर नाग आणि लिंग. कमळ कुठेच नाही. सप्तशतीच्या पोथीत शेवटी प्राधानिक रहस्य येतं, त्यात हेच वर्णन याच क्रमाने आहे: ‘मातुलुङ्गं गदां खेटं पानपात्रं च बिभ्रती’. ही महालक्ष्मी आद्यशक्ती, म्हणून मागे सिंह. महाकाली आणि महासरस्वती तिच्यापासून झाल्या. देवळातही दोन बाजूंना याच दोघींचे गाभारे आहेत आणि वर माडीवर मातुलिंग, म्हणजे महादेवाची पिंड. कोल्हापूरकर अंबाबाई म्हणतात ते उगाच नाही.

‘विष्णुपत्नी’ आली भृगूच्या कथेतून. भृगूने विष्णूच्या छातीवर लाथ मारली, नवऱ्याने ती निमूट सोसली म्हणून लक्ष्मी रुसून करवीरला, म्हणजे कोल्हापूरला आली. नवरात्रात तिरुपतीहून शालू येतो, त्यामुळे ही गोष्ट आणखी घट्ट बसली. गोष्ट गोड आहे, पण मूर्तीशी जुळत नाही.

करवीरची स्वतःची कथा देवीने मारलेल्या कोल्हासुर राक्षसाची. मरताना त्याने मागितलं, गावाला माझं नाव राहू दे आणि दरवर्षी कोहळ्याचा बळी दे. म्हणून ललिता पंचमीला पालखी त्र्यंबोलीच्या टेकडीवर जाते आणि कुमारिकेच्या हातून कोहळा फोडतात. फुटला रे फुटला की त्याच्या फोडींसाठी जी झोंबाझोंबी होते, ती लांबूनच बघा!

फोटो पाहून मात्र काही ठरवू नका. नेसवलेली साडी, दागिने आणि किरीट यांत आयुधं, नाग, लिंग सगळं झाकलं जातं. नवरात्रात तर रोज वेगळ्या रूपाची पूजा बांधतात, म्हणजे त्या दिवशीचं कमळ किंवा वाहन हे पूजेचं असतं, मूर्तीचं नव्हे. घोळ बहुतेक इथेच होतो. पूर्वी आयुधं दिसायची ती अभिषेकाच्या वेळी; आता मूळ मूर्तीवर अभिषेक होत नाही. तेव्हाही निरखून बघावं लागायचं, कारण मूर्ती जुनी आणि झिजलेली आहे. मोगलांच्या धामधुमीत पुजाऱ्याच्या घरी लपवलेली ही मूर्ती १७१५ साली करवीरच्या दुसऱ्या संभाजीराजांच्या काळात पुन्हा गाभाऱ्यात बसवली.