सरपंचाला उपसरपंच, तसा विधानसभेला उपाध्यक्ष कसा निवडतात?

तुमचा प्रश्न असा, की गावात उपसरपंच पहिल्याच सभेत ठरतो, मग विधानसभेत उपाध्यक्षाची खुर्ची महिनोन्महिने रिकामी कशी राहते?

कारण सोपं आहे जी. संविधानाच्या कलम १७८ मध्ये सभागृहानं आपल्यातूनच अध्यक्ष आणि उपाध्यक्ष निवडावा एवढंच आहे, 'शक्य तितक्या लवकर'. तारीख नाही, मुदत नाही. सतराव्या लोकसभेत (२०१९-२४) तर उपाध्यक्ष निवडलाच गेला नाही.

आमच्या गावच्या उपसरपंचाची निवड मी खिडकीबाहेरून पाहिलीय. एकानं गुप्त मतदान मागितलं, वहीचे कागद फाडून चिठ्ठ्या केल्या, बिस्किटाचा रिकामा डबा झाली मतपेटी. मुंबईत आता उलटं आहे: २०२१ च्या अखेरीस नियम बदलून गुप्त मतदान गेलं, आवाजी आलं. म्हणजे कोण फुटला ते लपत नाही. पक्षांना तेच हवं होतं, असं माझं मत. बहुतेक वेळा निवड बिनविरोधच होते म्हणा.

पद शोभेचं वाटतं, पण नाही. अध्यक्षानं राजीनामा द्यायचा तो उपाध्यक्षाकडे, आणि उपाध्यक्षानं अध्यक्षाकडे. साकोलीचे नाना पटोले फेब्रुवारी २०२१ मध्ये अध्यक्षपद सोडून गेले, तेव्हा उपाध्यक्ष नरहरी झिरवाळ यांनीच जुलै २०२२ पर्यंत सभागृह सांभाळलं. हटवायचं असेल तर १४ दिवसांची नोटीस आणि त्या वेळच्या एकूण सदस्यांचं बहुमत लागतं, फक्त हजर असलेल्यांचं चालत नाही.