14 वर्षं बंद असलेलं घर घेऊ का?

प्रश्न: काका, चिपळूणला बाजारपेठेजवळ चिऱ्याचं कौलारू घर 18 लाखात मिळतंय, 14 वर्षं बंद आहे, मालक मंडळी सगळी मुंबईला. दुरुस्तीला 10 लाख धरलेत, नंतर 8 हजार भाडं येईल असं एजंट म्हणतो. कर्ज काढून घेऊ का?
– एक वाचक, डोंबिवली

उत्तर: दादा, आधी एक सांगा, 2021 च्या जुलैतल्या पुरात हे घर किती पाण्यात होतं? एजंट सांगणार नाही, शेजारच्या दुकानदाराला विचारा, तो भिंतीला हात लावून दाखवेल कुठवर आलं होतं ते, आणि 2005 चं पण सांगेल. बंद घरातला गाळ वेळेवर कोण काढणार, त्यामुळे ओल चिऱ्यात मुरलेली आणि वायरिंग गेलेलं असंच धरून चला. पूररेषेचा नकाशा नगरपरिषदेत बघायला मिळेल, त्यातल्या निळ्या रेषेच्या, म्हणजे वारंवार पूर येणाऱ्या पट्ट्याच्या हद्दीच्या आत असेल तर बांधकाम वाढवायचं विसरा.

घर बघायला मे महिन्यात नाही, भर पावसात जा. वासा भिंतीवर टेकतो तिथे स्क्रू ड्रायव्हर टोचून बघा, लोण्यासारखा आत गेला तर वाळवीने खाल्लाय. फुटलेली कौलं बदलणं सोपं असतं हो, पण वासे आणि आढं बदलायचं म्हणजे अख्खं छप्परच उतरवावं लागतं आणि तुमचे 10 लाख तिथेच संपतील.

कागदांचं तर त्याहून नीट बघा. मिळकत पत्रिकेवर (प्रॉपर्टी कार्डवर) अजून आजोबांचंच नाव असेल तर वारस नोंद झाल्याशिवाय पुढे जाऊ नका, आणि सह्या सगळ्यांच्या हव्यात, लग्न होऊन गेलेल्या बहिणींच्यासुद्धा. आमच्याच नात्यात एका आत्याची सही राहिली आणि व्यवहार कोर्टात गेला, भावाभावांत बोलणं बंद झालं ते वेगळंच. वकिलाकडून 30 वर्षांचा सर्च, म्हणजे घराच्या जुन्या व्यवहारांच्या नोंदींचा शोध, काढा, पेपरात जाहीर नोटीस द्या, घरपट्टी आणि लाईटबिलाची थकबाकी विक्रेत्याकडूनच भरून घ्या.

आता हिशोब. 28 लाख घालून वर्षाला 96 हजार, त्यात एखादा महिना घर रिकामं, घरपट्टी, दरवर्षी पावसाआधी कौलं चाळणं (काढून साफ करून परत लावणं), हे सगळं वजा केलं तर हातात पाऊण लाख राहील, म्हणजे पावणेतीन टक्के. कर्जाचं व्याज त्याच्या तिप्पट जाईल. त्यामुळे कर्ज काढून तर अजिबात नको. स्वतःचे पैसे असतील, घर पुराच्या वर असेल आणि भाव 12-13 लाखांवर आला तर विचार करा.

सर्च रिपोर्ट हातात येईपर्यंत टोकन देऊ नका, एजंट रोज फोन करेल, करू दे.