बदकांच्या शिकारीसाठी टिकाऊ डिकॉय कसे निवडायचे? माझे दोन हंगामांत खराब होतात

तुम्ही अमेरिकेतल्या मिनेसोटात राहता. दोन हंगामांत डिकॉयचा, म्हणजे खऱ्या बदकांना भुलवायला पाण्यावर सोडायच्या नकली बदकाचा, रंग उडतो, थंडीत मान तडकते, आणि आता पोकळ प्लास्टिकचे घ्यावेत की फोम भरलेले, असं विचारताय. मी आयुष्यात बंदूक हातात धरलेली नाही. रानबदकं पाहिली ती भांडुप पंपिंग स्टेशनला, नातवाच्या दुर्बिणीतून, आणि तीही बहुतेक थापटे. पण मान का तडकते हे मला विचारा. त्या मानेपायी माझं आणि मेव्हण्याचं पंचवीस वर्षांहून जास्त काळ वाजलेलं आहे.

साकीनाक्याला आमचा ब्लो मोल्डिंगचा गाळा होता. दोन मशिनं, फिनेलचे आणि तेलाचे पाच लिटरचे कॅन, भागीदारी मेव्हण्याबरोबर निम्मी-निम्मी. १९९७ साली मशीद बंदरचा एक एजंट पिशवीतून हिरव्या डोक्याचं प्लास्टिकचं बदक घेऊन आला. मॅलार्ड जातीच्या रानबदकाचा नर. अमेरिकेत पाण्यावर सोडतात, वरून उडणारी खरी बदकं भुलून खाली उतरतात, असं त्यानं समजावलं. गाळ्यातल्या पोरांनी पहिल्याच दिवशी त्याला ‘बतख’ करून टाकलं. कॅन आणि बतख यांत मशिनच्या दृष्टीनं फारसा फरक नाही. वितळलेल्या प्लास्टिकची नळी खाली लोंबते, डायचे, म्हणजे साच्याचे, दोन भाग तिच्यावर मिटतात, आत हवा फुंकली की माल तयार. कडेची कात्रण सुरीनं उडवायची.

भांडण दाण्यावरून झालं. मी म्हणत होतो, सगळा व्हर्जिन एचडी दाणा लावू, म्हणजे कोरं, न वापरलेलं एचडीपीई प्लास्टिक. मेव्हणा म्हणाला, निम्मा ग्राइंडिंगचा, म्हणजे जुनं प्लास्टिक दळून केलेला, माल मिसळू. तेही आमच्या स्वतःच्या कात्रणाचं ग्राइंडिंग नव्हे, भंगारवाल्याकडचं. त्यात जुने कॅन दळलेले असतात आणि कॅनबरोबर त्यांची झाकणंही दळली जातात. कॅन एचडीचा, झाकण पीपीचं, म्हणजे पॉलीप्रॉपिलीन या वेगळ्याच प्लास्टिकचं. वितळताना दोन्ही एकत्र दिसतात, पण एकजीव कधी होत नाहीत. वर साधं पीपी शून्य अंशाच्या आसपास ठिसूळ होतं. मुंबईत हे कुणाला कळणार? आपल्याकडे पारा पंधरावर आला की पेपरात बातमी येते.

म्हणून मी एका शनिवारी दोन्ही मालाची दोन-दोन डोकी घरी आणली आणि रात्री फ्रीझरमध्ये ठेवली. सकाळी बायकोची हाक आली, “अहो, कोळंबीच्या शेजारी ही कुणाची मुंडकी ठेवलीत?” एकेक डोकं बाहेर काढून ओट्यावर आडवं धरलं आणि खलबत्त्यातल्या बत्त्यानं मानेवर हाणलं. व्हर्जिनच्या डोक्यावरून बत्ता उडाला, माझ्याच मनगटाला झिणझिण्या आल्या. मिसळलेल्या मालाचं डोकं शिवणीवर उभं फाटलं, चोच सिंकमध्ये जाऊन पडली. दुसरंही तसंच. फाटलेल्या कडेवर हात फिरवला तर खापर फुटावं तशी धार. चांगला एचडी असा तुटत नाही, तो ताणला जातो, पांढरा पडतो, मग फाटतो.

ते तुकडे रुमालात बांधून मी मेव्हण्याच्या टेबलावर नेऊन ठेवले. त्यानं चहाचा कप खाली न ठेवता विचारलं, “मुंबईत बर्फ कधी पडला होता?” मी म्हटलं, माल मुंबईत राहणार नाहीये. तो म्हणाला, “पाण्यावर तरंगायचंय ना? तरंगतोय.”

तरंगत होता. कंटेनर गेला. पुढच्या वर्षी माना तडकलेल्या बतखांचे फोटो आले आणि शेवटचा हप्ता अडकला तो अडकलाच. मग एक मशीन विकलं, पुढे गाळाही. मेव्हणा आजही म्हणतो की दोष रंगाचा होता, नाहीतर शिकाऱ्यांनीच छर्रे मारले असतील. दर भाऊबीजेला तो ओवाळून घ्यायला येतो आणि बायको आदल्या दिवशी मला बजावून ठेवते, “बदक काढायचं नाही.”

आता तुमच्या कामाचं. दुकानात डिकॉय हातात घ्या आणि आधी पोटाखालची आणि मानेमागची शिवण नखानं चाचपा. शिवण म्हणजे नळी जिथं चेपली गेली तो सांधा. तिथं खाच लागली किंवा कात्रण ओरबाडून काढल्यासारखं दिसलं तर परत ठेवा. मग अंगठ्यानं चोचीचा बुडखा आणि शेपटीचं टोक दाबा. नळी जितकी लांबवर ताणली जाते तितकी भिंत पातळ होते, म्हणून पाठ दाबून काही कळत नाही, टोकं दाबून कळतं. खडबडीत ठिपके किंवा वेगवेगळ्या रंगाच्या रेघा पोटाशी दिसल्या तर भंगारातला माल आहे असं माझ्यापुरतं मी धरून चालतो.

रंगाचं गणित वेगळं. या प्लास्टिकला रंग मुळात धरतच नाही. रंगवण्याआधी वरून ज्योत फिरवावी लागते, तेव्हा कुठे रंग चिकटतो. आमच्याकडे पोरगा ब्लो लॅम्प घेऊन बसायचा. घाईत एखादी बाजू सुटली की तिथला रंग सालपटासारखा निघायचा. (इथे मेव्हण्याचं थोडं खरं आहे. थोडंच.) सेलोटेप चिकटवा आणि झटकन ओढा. टेपवर हिरवं आलं तर तुमचा पहिला हंगामसुद्धा निघणार नाही. आणि खालचं प्लास्टिक गडद रंगाचं असलेलंच घ्या. रंग उडाला तरी लांबून पांढरं चमकत नाही, आणि काळ्या मास्टरबॅचमधला (दाण्यात मिसळायच्या रंगातला) कार्बन उन्हापासून प्लास्टिक वाचवतो. गच्चीवरच्या पाण्याच्या टाक्या काळ्या असतात त्या याचसाठी. व्हर्जिन मालाचा काळा नमुना आमच्या बोरिवलीच्या गच्चीवर टाकीशेजारी इतकी वर्षं पडून आहे. रंगाचा कण उरलेला नाही, कावळे त्याच्यावर बसून भाकरी खातात, पण अंगाला चीर नाही. मिसळलेल्या मालाचा जोडीदार तिसऱ्या उन्हाळ्यात भुगा झाला.

फोमबद्दल: छर्रा लागला तरी फोमवाला बुडत नाही, हे खरं. पण तो जड असतो, आणि कवच तडकून पाणी आत शिरलं की आणखी जड होतो. कवच वाईट असेल तर आत फोम भरून काय उपयोग? तळाची पट्टी वाळू भरलेली असेल तर फेकल्यावर बदक स्वतःहून सरळ होतं, पाणी भरणारी असेल तर खांद्यावरचं ओझं कमी. यातलं काय हवं ते तुमच्या खांद्यांना विचारा. किती डझन आणि कसे मांडायचे ते तिथल्याच एखाद्या जुन्या शिकाऱ्याला. आपल्याकडे १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आणि १९९१ ची दुरुस्ती यांनंतर रानबदकांच्या शिकारीचा प्रश्नच उरलेला नाही, त्यामुळे ते शिकायला मी कुणाकडे जाणार?

नंतर एकदा वाचलं की अमेरिकेतल्या नेवाडा राज्यात लव्हलॉक गुहेत १९२४ साली लव्हाळ्यासारख्या गवताचे डिकॉय सापडले, सुमारे २००० वर्षांचे. मेव्हण्याला वाचून दाखवलं. म्हणाला, कोरड्या गुहेत पुरून ठेवले तर आपलेही टिकले असते. यावर मला उत्तर सुचलं नाही, हेही लिहून टाकतो.

आणखी एक. ग्राइंडिंग म्हटलं की वाईटच, असं माझं म्हणणं नाही. स्वतःच्या मशिनची स्वच्छ कात्रण थोड्या प्रमाणात सगळेच परत घालतात, मीही घालायचो. आणि एजंटनं दिलेल्या भावात सगळा व्हर्जिन माल लावला असता तर आम्हाला फार काही सुटलं नसतं, हा मेव्हण्याचा हिशेब खोटा नव्हता. तो त्यानं ऑर्डर घेण्याआधी मांडायला हवा होता, कंटेनर भरताना नाही.

तडकलेलं एखादं बदक अजून टाकलं नसेल तर तुटलेल्या कडेचा जवळून फोटो टाका. कड पांढरी ताणलेली आहे की खापरासारखी, ते बघून सांगतो. भाऊबीजेच्या आत टाकलात तर बरं होईल.