मैदान आणि मस्टर: खेळाडू विद्यार्थ्यांचे प्रश्न

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी भागातून आलेल्या पत्रांपैकी निवडक पत्रांना इथे उत्तरं दिली आहेत. एकाच विषयावरची पत्रं एकत्र केली आहेत. नावं छापलेली नाहीत.

मी बी.ए.च्या चौथ्या सेमिस्टरला आहे. कबड्डीच्या युनिव्हर्सिटी संघात निवड झाली. कोचिंग कॅम्प आणि साऊथ झोनची आंतरविद्यापीठ स्पर्धा धरून कॉलेज बरंच बुडालं. आता ऑफिसात म्हणतात, दोन विषयांत हजेरीचं शॉर्टेज आहे, हॉल तिकीट मिळणार नाही. फिजिकल डायरेक्टर सर 'मी बघतो' म्हणतात. पाठवलं युनिव्हर्सिटीनंच, मग शॉर्टेज माझ्या माथी का? — खानापूर तालुका

'मी बघतो'वर विसंबू नका. सरांची इच्छा चांगलीच असते, पण मस्टर क्लार्ककडे असतं आणि क्लार्कला कागद लागतो.

नियम तुमच्या बाजूचा आहे. किमान हजेरी ७५ टक्के, आणि ती विषयवार मोजतात. कर्नाटकातल्या विद्यापीठांच्या पदवी नियमावलीत सहसा अशी तरतूद असते की कॉलेज, विद्यापीठ, राज्य किंवा देशातर्फे खेळायला गेलेल्या विद्यार्थ्याचे प्रत्यक्ष खर्ची पडलेले दिवस, प्रवासाचे दिवस धरून, हजेरीत जमा करावेत. त्यासाठी दाखला साधारण दोन आठवड्यांच्या आत ऑफिसात पोचवावा लागतो. बहुतेकांची गाडी इथेच अडते. स्पर्धा संपते, पोरं दमून घरी येतात, दाखला ब्लेझरच्या खिशात राहतो आणि सेमिस्टरच्या शेवटी शॉर्टेजची यादी लागते.

हिशेब करून बघा. एका विषयाचे ६० तास झाले, तुम्ही ३८ ला बसलात, म्हणजे ६३ टक्के. स्पर्धेचे आणि प्रवासाचे ९ तास जमा झाले की ४७, म्हणजे ७८ टक्के. नऊ तासांसाठी वर्ष जातं की काय अशी पाळी येते ती अशी. कॉलेजला जाताना एकूण दिवस मोजून नेऊ नका, विषयवार तास काढून न्या.

आता करायचं काय? विद्यापीठाच्या शारीरिक शिक्षण विभागाकडून तीन गोष्टी मागा: निवड यादीची जावक क्रमांक असलेली प्रत, कॅम्पला बोलावल्याचं पत्र, आणि निघाल्याची व परतल्याची तारीख दाखवणारं प्रमाणपत्र. कॅम्पचं पत्र सगळ्यात महत्त्वाचं, कारण पुष्कळ प्रमाणपत्रांवर फक्त सामन्यांच्या तारखा असतात आणि कॅम्पचे दिवस हवेत राहतात. सोबत रेल्वे-बसची तिकिटं जोडा. प्राचार्यांच्या नावे अर्ज करा आणि दुसऱ्या प्रतीवर आवक शिक्का आणि तारीख घ्या. तुमचं नाव दहावीच्या मार्कशीटवर एक, निवड यादीत दुसरं असेल (वडिलांचं नाव आधी की आडनाव आधी, इथेच घोळ होतो), तर नोंदणी क्रमांक ठळक लिहा.

नकार मिळाला तर तो लेखी मागा. मग विद्यार्थी तक्रार निवारण समितीकडे जा. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २०२३ च्या नियमांनुसार ही समिती प्रत्येक संस्थेत असायलाच हवी. तिने साधारण १५ कामाच्या दिवसांत अहवाल द्यायचा असतो. निर्णय पटला नाही तर १५ दिवसांत विद्यापीठाच्या लोकपालाकडे अपील करता येतं. परीक्षा तोंडावर असेल तर अर्जात तसं लिहा आणि परीक्षेला तात्पुरतं बसू देण्याची मागणी त्याच अर्जात करा.

इंटर्नल टेस्ट आणि प्रॅक्टिकल हा वेगळा मुद्दा. हजेरी मिळाली म्हणजे इंटर्नलचे मार्क मिळाले असं होत नाही. निघण्यापूर्वी त्या त्या विषयाच्या सरांकडे पुन्हा टेस्ट घेण्याची विनंती लिहून द्या. आणि एक गोष्ट स्पष्ट सांगतो: गावच्या यात्रेतली कुस्ती, गणेशोत्सवातले कबड्डीचे सामने, बक्षीस कितीही मोठं असो, यांची हजेरी कोणी देणार नाही. तिथे हक्क सांगायला जाऊ नका, खऱ्या अर्जाचंही वजन कमी होतं.

मुलगी खो-खो चांगली खेळते. बारावीनंतर तिला कोल्हापूरला घालावं की बेळगावात ठेवावं? कोल्हापूरला गेली तर ती महाराष्ट्राची खेळाडू होते का? — एक पालक, निपाणी

विद्यापीठ स्पर्धेत राज्य बघत नाहीत, विद्यापीठ बघतात. भारतीय विद्यापीठ संघाच्या (देशातल्या विद्यापीठांच्या संघटनेच्या) रचनेत कर्नाटकातली विद्यापीठं दक्षिण विभागात येतात, महाराष्ट्रातली पश्चिम विभागात. तेव्हा राणी चन्नम्मा विद्यापीठाकडून ती साऊथ झोन खेळेल, शिवाजी विद्यापीठाकडून वेस्ट झोन. सांघिक खेळांत प्रत्येक झोनचे पहिले चार संघ अखिल भारतीय स्पर्धेला जातात. खो-खो महाराष्ट्रात मुरलेला खेळ. वेस्ट झोनमध्ये चुरस जास्त, विद्यापीठ संघात शिरणंही अवघड. पण रोज समोर कसलेल्या मुली असल्या की खेळ वाढतो. आमचं मत विचाराल तर ती बारावीपर्यंत राज्य पातळीवर खेळलेली असेल तर कोल्हापूर, नसेल तर आधी बेळगावात संघात स्थान पक्कं करावं.

राज्य संघटनेतर्फे खेळणं ही निराळी वाट. तिथे ती आज कर्नाटक संघटनेत नोंदली असेल तर ना-हरकत पत्राशिवाय महाराष्ट्राकडून उतरवू नका. दोन राज्यांत नाव निघालं तर दोन्हीकडून अडचण येते.

विद्यापीठ स्पर्धेच्या पात्रतेच्या अटी अशा: वय १७ ते २५, किमान एका वर्षाचा पूर्णवेळ अभ्यासक्रम, पक्का प्रवेश. दूरशिक्षणाचे विद्यार्थी आणि पूर्णवेळ नोकरी करणारे चालत नाहीत. एका शैक्षणिक वर्षात दोन विद्यापीठांकडून खेळता येत नाही, म्हणून अर्ध्या वर्षात कॉलेज बदलायचा बेत असेल तर सीझन गेला असं समजा.

मी मॅटवरची कुस्ती ७० किलोत खेळतो. तालमीत वस्ताद म्हणतात, ६५ ला उतरलास तर युनिव्हर्सिटी ब्लू (विद्यापीठ संघाच्या खेळाडूचा मान) नक्की. वजन सध्या साडेएकोणसत्तर. तिघे-चौघे मित्र स्पर्धेआधी 'पाण्याची गोळी' घेतात. ती बंद आहे का? आणि सर्दी-खोकल्याचं साधं औषध घ्यायला तरी हरकत नाही ना? — बेळगाव

बंद आहे, आणि वर्षाचे बारा महिने बंद. पाण्याची गोळी म्हणजे लघवी वाढवणारं औषध, बहुतेक वेळा फ्युरोसेमाइड. वजन उतरवायला घेतलं की दुसरं काही लपवायला, हे उत्तेजकविरोधी नियम विचारत नाहीत. शरीरात सापडलं की जबाबदारी खेळाडूची, कोणी दिलं हा पुढचा प्रश्न. 'वस्तादांनी दिली' या उत्तराने शिक्षा फार तर थोडीफार कमी होईल, बंदी टळेल असं धरू नका.

आता वजन. साडेएकोणसत्तरवरून ६५ म्हणजे साडेचार किलो, शरीराच्या साडेसहा टक्के. हे आठवड्यात उतरवलं तर ते चरबीचं नसतं, पाण्याचं असतं. रक्त घट्ट होतं, नाडी वाढते, पकड सुटते, तिसऱ्या मिनिटाला पाय जड होतात. आंतरराष्ट्रीय नियमांनुसार वजन स्पर्धेच्या दिवशी सकाळीच होतं, त्यामुळे पाणी भरून काढायला तासच मिळतात. गटाच्या कुस्त्या दोन दिवस चालल्या तर दुसऱ्या सकाळी परत काटा. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये विनेश फोगाट दुसऱ्या सकाळी ५० किलोला १०० ग्रॅम जास्त भरली आणि अंतिम कुस्तीला मुकली. रबरी सूट घालून घाम काढण्याचा प्रकार तर जिवावर बेततो: १९९७ मध्ये अमेरिकेत वजन उतरवण्याच्या नादात तीन कॉलेज मल्ल दगावले.

तेव्हा यंदा ७० ला खेळा. ६५ ला जायचंच असेल तर सीझन संपल्यावर आठवड्याला अर्धा किलोच्या हिशेबाने उतरा, म्हणजे दोन-सव्वादोन महिने. भात-भाकरी निम्मी करा, दूध-अंडी-डाळ तशीच ठेवा, तुपाची वाटी मात्र कपाटात. वस्तादांना हे पटवणं तुमच्यापेक्षा घरच्यांना सोपं जाईल.

खोकल्याचं औषध ही खरी खाच आहे. आपल्याकडच्या कितीतरी सिरपमध्ये टर्ब्युटालिन असतं आणि ते कायम बंदीच्या यादीत आहे. बाटलीच्या मागचं बारीक अक्षर वाचा. दम्याचा सालब्युटामॉल पंप चालतो, पण २४ तासांत १६०० मायक्रोग्रॅमपर्यंत आणि कुठल्याही ८ तासांत ६०० च्या आत. पॅरासिटामॉल, आयब्युप्रोफेन, सेटिरिझिन यादीत नाहीत. ट्रामाडॉल २०२४ पासून स्पर्धाकाळात बंद आहे. प्रेडनिसोलोनसारख्या स्टेरॉइडच्या गोळ्या आणि गुडघ्यात देतात ते स्टेरॉइडचं इंजेक्शनही स्पर्धाकाळात बंद. स्पर्धाकाळ आदल्या रात्री ११.५९ ला सुरू होतो, औषध मात्र अंगात त्याच्याही आधीपासून असतं. एखादं औषध घेतल्यावाचून गत्यंतर नसेल तर उपचारासाठीच्या सवलतीचा अर्ज डॉक्टरांच्या कागदांसह नाडाकडे (राष्ट्रीय उत्तेजकविरोधी संस्थेकडे) स्पर्धेच्या किमान ३० दिवस आधी करा. डॉक्टरांना पहिल्याच वाक्यात सांगा, 'मी स्पर्धा खेळतो.' नाडाच्या 'नो युवर मेडिसिन' ॲपवर औषधाचं नाव टाकून बघता येतं. जिममध्ये मिळणाऱ्या सुट्या पावडरीला मात्र कुठलंच ॲप हमी देत नाही.

तपासणीला बोलावलं तर घाबरू नका आणि नाही म्हणू नका, कारण नकार हाही गुन्हाच धरतात. ओळखपत्र सोबत ठेवा. नेमलेल्या माणसाच्या नजरेआड जाऊ नका. किमान ९० मिली लघवी लागते. ती ए आणि बी अशा दोन बाटल्यांत तुमच्यासमोर भरून सील होते. भराभर पाणी ढोसलं तर नमुना पातळ होतो आणि परत परत बसावं लागतं. सोबत एक माणूस नेण्याचा आणि दुभाषा मागण्याचा हक्क तुम्हाला आहे. इंग्रजी-हिंदी अडखळत असेल तर तो बिनदिक्कत वापरा. गेल्या काही दिवसांत घेतलेलं प्रत्येक औषध फॉर्मवर लिहा, आणि सही करण्याआधी बाटल्यांचे नंबर फॉर्मशी जुळवून बघा.

स्पर्धेला जाताना मुलींबरोबर लेडी मॅनेजर नसते. संघाबरोबर आलेल्या एका माणसाचं बोलणं, रात्री मेसेज करणं आम्हाला खटकतं. पण हे कॉलेजबाहेर घडलं, मग तक्रार कुठे? शिवाय संघातून काढतील अशी भीती. — तिघी खेळाडू

कॉलेजबाहेर घडलं म्हणून तक्रार अडत नाही. २०१३ च्या लैंगिक छळविरोधी कायद्यात क्रीडा संकुल, स्टेडियम, स्पर्धेची आणि सरावाची जागा नावानिशी धरलेली आहे. विद्यार्थिनींसाठी यूजीसीचे २०१५ चे नियम आहेत. तक्रार संस्थेच्या अंतर्गत समितीकडे, लेखी, घटनेपासून तीन महिन्यांच्या आत. सबळ कारण असेल तर समिती आणखी तीन महिने मुदत वाढवू शकते. चौकशी ९० दिवसांत पुरी व्हायला हवी. चौकशी चालू असताना त्या माणसाला संघापासून दूर ठेवा, अशी अंतरिम मागणी पहिल्याच अर्जात करा.

मेसेज पुसू नका. तारीख-वेळ दिसेल असे स्क्रीनशॉट काढा आणि घरातल्या एकाला पाठवून ठेवा. तिघींनी वेगवेगळे अर्ज द्या. एकीने माघार घेतली तरी बाकीच्या दोघींचे उभे राहतात. तक्रारीनंतर निवड चाचणीत डावललं तर चाचणीची तारीख आणि निवडलेल्यांची यादी जोडून तेही समितीला कळवा. लेडी मॅनेजरची मागणी मात्र तक्रारीत न गुंतवता आजच स्वतंत्र अर्जाने करा, पालकांच्या सह्यांसह. वसतिगृहात सीनियर त्रास देत असतील तर रॅगिंगविरोधी हेल्पलाइन १८००-१८०-५५२२.

कबड्डीच्या चढाईत गुडघा पिळवटला, लिगामेंट तुटलंय. ऑपरेशनचा खर्च कॉलेज देतं का? — चिकोडी तालुका

सरसकट देत नाही. आधी कॉलेजला दोन प्रश्न लेखी विचारा: फीबरोबर अपघात विम्याचे पैसे घेतले होते का, आणि त्या पॉलिसीत खेळताना झालेली दुखापत बसते का. क्रीडा शुल्क सगळेच भरतात, पण त्यातून विमा काढलाय की नाही हे विद्यार्थ्यांना सहसा ठाऊक नसतं. पॉलिसीची प्रत मागा.

घरी बीपीएल रेशनकार्ड असेल तर आयुष्मान भारत-आरोग्य कर्नाटक योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत उपचार मिळतात. एपीएल असेल तर पॅकेज दराच्या ३० टक्के. तातडीचं नसेल तर आधी सरकारी दवाखान्यात दाखवून तिथून रेफरल घ्यावं लागतं. हे न करता थेट खाजगीत ॲडमिट झालं की योजना हातची जाते. तुमचं ऑपरेशन यादीत आहे का ते तिथल्या आरोग्यमित्राला (योजनेच्या मदतनीसाला) विचारा. बँकेतून वर्षाला २० रुपये कापणारा प्रधानमंत्री सुरक्षा विमा इथे उपयोगी नाही. तो मृत्यू आणि अपंगत्वापुरता आहे, दवाखान्याच्या बिलाला नाही.

ऑपरेशननंतर साधारण नऊ महिने सामना नाही. सहाव्या महिन्यात पाय बरा वाटतो आणि नेमकं तेव्हाच पोरं मैदानात उतरतात. दुखापत झालेल्या पायाची ताकद दुसऱ्याच्या ९० टक्क्यांपर्यंत आली आहे का, हे फिजिओकडून मोजून घ्या आणि मगच चढाई.

रेल्वे, पोस्टाच्या क्रीडा कोट्यासाठी माझं इंटरकॉलेजचं सुवर्णपदक चालेल का? — खानापूर

नाही. केंद्र सरकारच्या सर्वसाधारण नियमांत (रेल्वेचे निकष निराळे, ते भरतीच्या जाहिरातीत बघा) विद्यापीठातर्फे आंतरविद्यापीठ स्पर्धा खेळलेला खेळाडू पात्र ठरतो. इंटरकॉलेज कितीही जिंकली तरी ती त्याच्या खालची पायरी. आणि नुसतं रंगीत प्रमाणपत्रही पुरत नाही. 'फॉर्म ३' लागतो, त्यावर विद्यापीठाच्या क्रीडा संचालकांची सही. साऊथ झोन खेळलेल्यांनी तो त्याच वर्षी भरून घ्यावा. पुढे अधिकारी बदलतात, जुन्या संघाच्या याद्या सापडत नाहीत आणि भरतीची शेवटची तारीख थांबत नाही.

दौऱ्याचा भत्ता मिळाला, पण सही कोऱ्या व्हाउचरवर घेतली. बरोबर आहे का? — बेळगाव

नाही. रक्कम आकड्यांत आणि अक्षरांत लिहिल्याशिवाय सही करू नका, केलेल्या व्हाउचरचा फोटो काढा. दिवसाचा दर काय, हे विद्यापीठाच्या क्रीडा विभागाकडे माहिती अधिकाराच्या अर्जाने विचारता येतं. फी १० रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस.